पत्ता चोराचा नको, घरमालकाचा काढा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर एक चप्पलवाले काका भिजत आले, छत्री दाराला अडकवली आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या वेबसाइटवरचे कापशी चपलांचे अकरा फोटो दुसऱ्याच कुठल्या वेबसाइटवर मांडलेले. खाली काकांनी रात्री जागून लिहिलेला मजकूर, 'पायताण पावसात का घालू नये' या टिपेसकट. काकांनी एका ठिकाणी 'कातडं'चं 'काडतं' केलं होतं, ते 'काडतं'सुद्धा जसंच्या तसं. काकांचं म्हणणं एकच: "पत्ता काढ त्याचा. जाऊन बघतोच मी."

कोल्हापुरात कॉपी सापडली की पहिली प्रतिक्रिया ही अशीच. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. मी गूळवाले, चप्पलवाले, साज घडवणारे, खानावळवाले, दोनतीन भटकंतीवाले अशांच्या वेबसाइट सांभाळतो. वकील नाही. पण चोरलेला माल उतरवून घ्यायचं काम इतक्यांदा केलंय की त्याचा क्रम हाताला बसलाय. काकांचं अगदीच चुकलं होतं असं नाही. पत्ता लागतोच, फक्त तो चोराचा लागत नाही. चोर ज्याच्या जागेत भाड्यानं बसलाय त्याचा, म्हणजे होस्टिंग कंपनीचा लागतो. चोराला लाज असो नसो, घरमालकाला कायद्याचं भान ठेवावं लागतं.

पहिला तास: कुणाला काही बोलू नका

फोन नाही, फेसबुक पोस्ट नाही, गल्लीच्या ग्रुपवर 'बघा ह्यानं काय केलं' नाही. त्याला कुणकुण लागली की तो दोन वाक्यं फिरवतो, फोटो उलटा करतो, तारीख मागची टाकतो. मग तुमच्या हातात उरते ती फक्त तक्रार. म्हणून आधी पुरावा.

त्याचं पान कॉम्प्युटरवर उघडा. वरची पत्त्याची पट्टी आणि खालची तारीख-वेळ दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या, मग तेच पान प्रिंटमधून पीडीएफ करून ठेवा. मोबाइलवरचा कापलेला स्क्रीनशॉट पुढे कामाला येत नाही, कारण त्यात पत्ताच नसतो. यानंतर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन त्याच्या पानाची लिंक टाका आणि पान जतन करायला सांगा. त्या दिवशी ते पान कसं होतं याची नोंद तिसऱ्याच्या घरी राहते, तुमच्या शब्दावर ती अवलंबून राहत नाही. तुमचं स्वतःचं मूळ पानही तिथं आधीपासून जतन झालेलं आहे का ते बघा. असेल तर तारखेचा निम्मा वाद तिथंच मिटतो.

आता अजून कुठंकुठं गेलंय ते शोधा. मजकुरातलं एखादं जरा वेगळं वाक्य अवतरणचिन्हात घालून गूगलवर शोधायचं. 'आमचे येथे उत्तम चप्पल मिळतील' असलं वाक्य घेऊ नका, ते महाद्वार रोडवरच्या प्रत्येक पाटीवर आहे. काकांचं 'काडतं' इथं देवासारखं धावून आलं. त्या एका शब्दावर शोधलं तर तीन पानं निघाली, त्यातली दोन आम्हाला माहीतसुद्धा नव्हती. फोटोंसाठी गूगल लेन्स वापरा.

मूळ फोटो शोधून ठेवा. कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघालेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल अशी माहिती लपलेली असते. फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की ती पुसली जाते आणि फोटोही आकसतो. म्हणून मला पाठवताना 'डॉक्युमेंट' करून पाठवा असं मी सगळ्यांना घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. वर्डप्रेस वापरत असाल तर लेखाचे जुने मसुदे तिथं जपलेले असतात, तेही बघून ठेवा. प्रकरण कोर्टापर्यंत जाईल असं वाटत असेल तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही येतं, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो. म्हणून मूळ फाइल एडिट करत बसू नका. ती बाजूला ठेवा, कामाला प्रत घ्या.

शेवटी एक साधा तक्ता करा. डावीकडे तुमच्या पानाची लिंक, उजवीकडे त्याच्या पानाची, मधे काय उचललंय ते. एका ओळीत एकच वस्तू. पुढचे सगळे फॉर्म याच तक्त्यातून भरायचे आहेत.

हे खरंच तुमचं आहे का?

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तीनचार जणांची गाडी इथंच थांबते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. हक्क मिळवायला नोंदणी करावी लागत नाही. लिहिलं, काढलं, टिपलं, की हक्क जन्मला. पण कुणाचा जन्मला हा प्रश्न वेगळा. मी काकांना विचारलं, "फोटो कुणी काढलेत?"

"पुतण्यानं. त्याच्या कॅमेऱ्यावर."

"पैसे दिले होते का त्याला?"

"पैसे कशाला? पोरगं माझ्याच घरात जेवतंय!"

झालं. कायद्याच्या लेखी फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरानं नोकरीचं काम म्हणून केलं असेल तर मालक तो धनी. इथं नोकरी नाही नि मोबदलाही नाही. म्हणजे अकरा फोटोंचा मालक पुतण्या. जेवणाचा हिशेब यात धरत नाहीत.

उपाय सोपा आहे, पण कागदावरचा. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं लेखी लागतं आणि देणाऱ्याची सही लागते. कुठले फोटो, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि काय मोबदल्यात, हे सगळं त्यात लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेबसाइट जगभर दिसते, तेव्हा हे दोन शब्द विसरायचे नाहीत. पुतण्याकडून असा एक पानी कागद करून घेतला आणि मगच पुढे सरकलो.

बाहेरच्या माणसाकडून लेख लिहून घेत असाल तर जास्त जपा. फोटोचा नियम लेखाला लागत नाही. पैसे देऊन लिहून घेतलेला लेखसुद्धा, लेखी हस्तांतर नसेल तर, लिहिणाऱ्याचाच राहतो. वेबसाइट बनवून देणाऱ्यानं टाकलेली चित्रं तर बहुतेक वेळा ना तुमची असतात ना त्याची. होलसेलवाल्याच्या कॅटलॉगमधले फोटो होलसेलवाल्याचे. असल्या फोटोवरून दुसऱ्याला चोर म्हणायला गेलात तर तोंडघशी पडाल.

दुसरी चाळणी अशी: उचललंय ते कॉपीराइटमध्ये बसतं का? कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात, ही माहिती कुणाच्या बापाची नाही. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव कधी होतो आणि मावळतीची किरणं आधी देवीच्या चरणांवर येतात, हेही कुणीही लिहावं. तांबड्या रस्स्याला काय काय लागतं ती यादी कुणीही छापावी. ही माहिती तुम्ही ज्या शब्दांत, ज्या क्रमानं, ज्या ढंगात सांगितली ती मांडणी तुमची. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच सांगून ठेवलंय. त्यामुळे 'माझी आयडिया ढापली' म्हणत येणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

दुकानाचं नाव कुणी वापरलं तर तो ट्रेडमार्कचा विषय. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन हा आणखी वेगळा विषय, आणि ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत आपल्या चपलेसारख्याच चपला दिसल्या तेव्हा सगळीकडे 'कॉपीराइट, कॉपीराइट' असा गलका झाला होता. चपलेच्या घाटाचा आणि फोटोच्या कॉपीराइटचा संबंध नाही. काकांच्या बाबतीतही चप्पल कुणी चोरली नव्हती, चपलेचा फोटो चोरला होता.

'साभार' लिहिलं म्हणजे सुटला?

नाही. मराठीत हा फार लाडका गैरसमज आहे. अख्खा लेख उचलायचा, खाली 'साभार' किंवा 'सौजन्य : व्हॉट्सअ‍ॅप' लिहायचं आणि गंगेत घोडं न्हालं. नाव देणं ही एक गोष्ट, परवानगी ही दुसरी. परीक्षण, टीका, संशोधन, चालू घडामोडींची बातमी यांसाठी बेताचा उतारा घेता येतो, कलम ५२ मध्ये त्याची मुभा आहे. तेव्हा तुमच्या लेखावर कुणी टीका लिहिली आणि त्यात तुमचे दोन परिच्छेद उद्धृत केले तर ती चोरी नव्हे. तिथं नोटीस पाठवणं हा रडीचा डाव.

नुसती लिंक दिली असेल तर खुशाल देऊ द्या. तुमच्या मराठी लेखाचं कुणी इंग्रजी किंवा हिंदी केलं असेल तर मात्र तेही परवानगीशिवाय चालत नाही, भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचाच. यंत्राकडून शब्द फिरवून घेतलेला लेख हे अवघड प्रकरण. रचना, उदाहरणं, क्रम सगळं तेच असेल तर बोलायला जागा आहे, नुसता विषय तोच असेल तर नाही. आणि नाव खोडून पुढं ढकललेला लेख? नाव लावून घ्यायचा हक्क कलम ५७ प्रमाणे लेखकाकडे राहतो, बाकीचे हक्क विकले तरी. फोटोवरची हक्काची खूण मुद्दाम पुसणं हाही २०१२ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, कलम ६५ब.

जुनं साहित्य चढवणाऱ्यांसाठी जाताजाता एक. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०३६ संपेपर्यंत हक्काखाली आहे. सकाळच्या शुभेच्छांवर त्यांची वाक्यं किती फिरतात ते तुम्ही बघताच.

एक निरोप, शांत डोक्यानं

पुरावा पेटीत गेला की मगच त्याला लिहा. निम्म्या वेळा दुकानदाराला पत्ताच नसतो, वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं कुठूनतरी उचलून टाकलेलं असतं. मी साधारण असं पाठवतो:

'नमस्कार. आपल्या वेबसाइटवरच्या खाली दिलेल्या पानावर आमचे अकरा फोटो आणि मजकूर परवानगीशिवाय वापरलेला दिसला. आमच्या मूळ पानाची लिंकही सोबत आहे. हे आपल्या नकळत झालं असेल असं धरून चालतो. येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत काढून टाकावं आणि तसं कळवावं, ही विनंती. फोटो वापरायची इच्छा असेल तर परवानगीविषयी बोलता येईल.'

बस्स. 'जेलमध्ये घालीन', 'दहा लाख वसूल करीन' हे लिहू नका. कलम ६० असं सांगतं की कॉपीराइटच्या नावानं विनाधार धमकावलं तर समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. काकांनी या मसुद्यात 'कोल्हापूरचं पाणी' असा एक शब्दप्रयोग घातला होता, तो मी काढला. तीनचार दिवस वाट बघा. उत्तर आलं नाही, आलं तर उर्मट आलं, किंवा वेबसाइटवर संपर्कच नाही, तर पुढची पायरी.

घरमालक शोधायचा कसा

वेबसाइटच्या मागे तीन निरनिराळी माणसं असतात आणि नवखा माणूस इथं हमखास चुकतो. डोमेन विकणारा रजिस्ट्रार हा नावाची पाटी रंगवून देणारा. होस्ट हा जागा देणारा, फोटो प्रत्यक्ष त्याच्याच मशीनवर असतात. आणि पुष्कळदा मधे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा उभी असते, ती दारातल्या वॉचमनसारखी. आपल्याला हवा जागा देणारा.

'हूइज' शोध देणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर त्याचं डोमेन टाका. रजिस्ट्रार कोण ते दिसेल, मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल. त्यावर वेळ घालवू नका. मग डोमेनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकड्यांतला पत्ता, काढून तो कुणाच्या नावावर आहे ते बघा. होस्टिंग कंपनीचं नाव आलं तर काम झालं. त्याच नोंदीत गैरवापराच्या तक्रारीसाठीचा ईमेलही असतो. क्लाउडफ्लेअर आलं तर त्यांच्या तक्रारीच्या फॉर्मवर कॉपीराइटची तक्रार नोंदवा. ते स्वतः पान उतरवत नाहीत, कारण माल त्यांच्याकडे नसतो, पण मागचा होस्ट कोण ते कळवतात आणि तक्रार पुढे धाडतात. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवरची वेबसाइट असेल तर शोधाशोध नकोच, त्यांचे स्वतःचे फॉर्म आहेत.

होस्ट अमेरिकेतला असेल, आणि मोठे बरेचसे तिथलेच, तर त्यांच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइटच्या कायद्याखाली नोटीस द्यायची. कोल्हापुरात बसून देता येते. वकील लागत नाही, फी लागत नाही, नोंदणीचा दाखलाही लागत नाही. इंग्रजीत लिहा, पण सोप्या. नोटिशीत काय काय हवं ते कायद्यातच ठरवून दिलंय: तुमची मूळ वस्तू कुठली, चोरलेली नेमकी कुठल्या लिंकवर आहे, तुमचं नाव-पत्ता-फोन-ईमेल, हा वापर परवानगीशिवायचा आहे असं तुम्ही प्रामाणिकपणे मानता हे विधान, दिलेली माहिती बरोबर आहे हे विधान, मालकाच्या वतीनं बोलायचा तुम्हाला अधिकार आहे हे शपथेच्या जबाबदारीवर केलेलं विधान, आणि सही. टाइप केलेलं नाव सही म्हणून चालतं. यातलं एक जरी सुटलं तरी होस्ट नोटीस बाजूला ठेवतो आणि तुम्ही 'ह्या कंपन्या काही करत नाहीत' म्हणत बसता. लिंकच्या जागी वेबसाइटचं मुखपृष्ठ देणं ही सगळ्यात सर्रास चूक. तो तक्ता आठवतोय? अकरा फोटो, अकरा ओळी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. तुमची नोटीस समोरच्याकडे जाते, नावासकट. आणि तो उलट नोटीस देऊ शकतो. तशी दिली आणि तुम्ही दावा दाखल केल्याचं कळवलं नाही, तर होस्ट दहा ते चौदा कामाच्या दिवसांत माल पुन्हा चढवतो. शिवाय जाणूनबुजून खोटी नोटीस दिली तर नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात.

भारतातल्या कंपनीला आपल्या कायद्यानं लिहायचं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर लावावा लागतो, तिथं पाठवा. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ यापेक्षा धारदार आहे. त्याप्रमाणे केलेल्या लेखी तक्रारीवर ३६ तासांत पान बंद करण्याची पावलं उचलावी लागतात. पण त्यात तुम्हाला हमी द्यावी लागते की मी सक्षम न्यायालयात दावा लावीन आणि २१ दिवसांत आदेश आणून देईन. आदेश नाही आला तर पान परत सुरू. म्हणून दाव्याची तयारी नसेल तर हे हत्यार उपसू नका. मी आजवर एकदाच वापरलं, तेही एका वकिलीणबाईंना शेजारी बसवून.

गूगल, फेसबुक, यूट्यूब

गूगलच्या शोधातून पान काढायचा फॉर्म वेगळा. तिथं तक्रार मान्य झाली तरी चोराचं पान जागेवरच राहतं, फक्त तिकडं जाणाऱ्या रस्त्यावरची पाटी निघते. होस्ट ऐकत नसेल तेव्हा याचा फार उपयोग, कारण गिऱ्हाईक पाटी बघूनच येतं. गूगल अशा नोटिशींची प्रत लुमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाला देतं, तेव्हा नोटिशीत घरचं रडगाणं लिहू नका.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॉपीराइटचा स्वतंत्र फॉर्म आहे. पोस्टखालच्या 'रिपोर्ट'वर दहा मित्रांकडून टिचक्या मारून घेण्यानं काही होत नाही. यूट्यूबवर दोन वाटा: लगेच काढा, किंवा समोरच्याला सात दिवस द्या. समोरचा ओळखीपाळखीचा असेल तर सात दिवसांची वाट बरी. लगेच काढलं तर त्याच्या चॅनलवर स्ट्राइक बसतो, नव्वद दिवसांत तीन बसले तर चॅनलच जायची वेळ येते. एका आठवी-नववीतल्या पोराचं चॅनल माझ्या घाईमुळं अडचणीत आलं होतं. रंकाळ्याचा सूर्यास्त त्यानं माझ्याच व्हिडिओतून घेतला होता हे खरं, पण फोनवर त्याची आई बोलली तेव्हा मला कसंतरी झालं. तक्रार मागे घेता येते, मी घेतली.

कोर्ट आणि पोलीस

इथं थोडक्यात आटोपतो, कारण इथून पुढं वकील बोलतो. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात लागतो. आणि कॉपीराइटमध्ये सोय अशी की तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता तिथं, म्हणजे आमच्यासाठी कोल्हापूरच्याच कसबा बावड्यातल्या न्यायालयात, दावा लावता येतो, चोर सुरतेत बसलेला असला तरी. नुकसानभरपाईसाठी मुदत तीन वर्षं. वरच्या कोर्टाची वेळ आली तरी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईची फेरी वाचली. जाणूनबुजून केलेली चोरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली फौजदारी गुन्हाही आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. अकरा फोटोंसाठी मी कुणाला ठाण्यात जा म्हणणार नाही. १९३० वर फोन करू नका, ती हेल्पलाइन ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे.

पुढच्या वेळची तयारी

राइट-क्लिक बंद करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्यानं चोर अडत नाही, तुमचा फोन नंबर कॉपी करू बघणारं गिऱ्हाईक मात्र अडतं. फोटोवर दुकानाचं नाव टाका, पण कोपऱ्यात नको, कोपरा कापला जातो. चपलेच्या पट्ट्यावरून फिकट जाऊ द्या. लेखात स्वतःच्या दुसऱ्या पानांच्या लिंका पेरा. यंत्रानं उचलणारे त्या काढत बसत नाहीत आणि त्यांच्या घरून लोक तुमच्याकडे येतात. वेबसाइटचे नवे लेख आपोआप बाहेर पाठवणाऱ्या फीडमध्ये पूर्ण लेख न देता सुरुवातीचे चार शब्द द्या.

काही जण फोटो उतरवूनही घेत नाहीत, तुमच्याच सर्व्हरवरून थेट दाखवतात. वीज आपली, दिवा त्यांच्या घरी. यावर आमचा एक खट्याळ उपाय आहे. आपल्या वेबसाइटवर फोटोचं फाइलनाव बदलायचं आणि जुन्या नावानं 'हा फोटो कोल्हापूरहून उसना आणला आहे' अशी पाटी ठेवून द्यायची. एका गूळवाल्याच्या वेळी ती पाटी समोरच्याच्या मुखपृष्ठावर आठवडाभर झळकत होती. अपशब्द मात्र घालू नका.

महत्त्वाच्या लेखांची नोंदणी करून ठेवायची असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाच्या वेबसाइटवर घरबसल्या अर्ज होतो. लेखनकृतीला पाचशे रुपये फी, अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. अख्ख्या वेबसाइटची एक नोंदणी होत नाही, लेख, चित्र, व्हिडिओ यांचे अर्ज वेगवेगळे. फायदा असा की नोंदवहीतली नोंद कोर्टात सकृद्दर्शनी पुरावा धरतात. रोज एक लेख टाकणाऱ्यानं सगळ्यांची करत बसू नये, ज्यावर पोट आहे तेवढ्याची करावी.

काकांच्या निरोपाला उत्तर आलं नाही. होस्ट अमेरिकेतला निघाला, नोटीस गेली, सहाव्या दिवशी पान उतरलं. सातव्या दिवशी त्या वेबसाइटच्या मालकाचा काकांना फोन. दुसऱ्या शहरातला चप्पलवालाच तो. फोटो त्याच्या डिझायनरनं लावले होते, त्याला खरंच माहीत नव्हतं. फोटो आवडलेत, वापरू द्या म्हणाला. मी काकांना परवानगीचा कागद करून दिला: दोन फोटो, एक वर्ष, फक्त त्या दुकानाच्या वेबसाइटवर, फोटोखाली काकांच्या दुकानाचं नाव. परवानगीही लेखीच लागते.

"आणि पैसे किती घेतले?" मी विचारलं.

"पैसे कसले. वीस जोडांची ऑर्डर दिली त्यानं," काका म्हणाले. "पण ते 'काडतं' तेवढं दुरुस्त कर बाबा आता."